कॅलिफोर्नियाचे ५०० घोडेस्वार मॅसॅच्युसेट्सच्या नावावर का लढले?

११ डिसेंबर १८६२. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरातून 'गोल्डन एज' नावाची आगबोट पनामाच्या दिशेने सुटली. बोटीवर १०० तरुणांची एक तुकडी होती. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन दीड वर्ष उलटलं होतं आणि हे तरुण त्या युद्धात घोडेस्वार म्हणून लढायला निघाले होते.

आता यातली गंमत बघा. त्यांना कॅलिफोर्निया राज्याने पाठवलं नव्हतं आणि केंद्र सरकारनेही बोलावलं नव्हतं. देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरळ रेषेत ४,३०० किलोमीटर लांब असलेल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने त्यांना आपल्या खात्यावर भरती करून घेतलं होतं.

हीच 'कॅलिफोर्निया हंड्रेड'. तिच्या मागोमाग साधारण ४०० जणांची 'कॅलिफोर्निया बटालियन' गेली. अशा तऱ्हेने कॅलिफोर्नियातले सुमारे ५०० स्वयंसेवक घोडेस्वार व्हर्जिनियात लढले. कागदोपत्री मात्र ते कायम मॅसॅच्युसेट्सचेच राहिले.

थोडक्यात

- रेजिमेंट: सेकंड मॅसॅच्युसेट्स कॅव्हलरी
- कॅलिफोर्नियाच्या कंपन्या: ए (कॅलिफोर्निया हंड्रेड), ई, एफ, एल आणि एम (कॅलिफोर्निया बटालियन)
- प्रमुख: कर्नल चार्ल्स रसेल लोवेल, त्यांच्यानंतर कॅस्पर क्राउनिनशील्ड
- लढाईचा मुलूख: व्हर्जिनिया, वॉशिंग्टनचा परिसर, शेनान्डोआचं खोरं
- काळ: जानेवारी १८६३ ते जुलै १८६५

युद्ध कशासाठी चाललं होतं?

१८६० मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. गुलामगिरीवर ज्यांची शेती आणि श्रीमंती उभी होती, ती दक्षिणेकडची राज्यं एकेक करून देशातून फुटली. ११ राज्यांनी मिळून 'कॉन्फेडरसी' स्थापन केली. लिंकन यांच्या बाजूची उत्तरेकडची राज्यं म्हणजे 'युनियन'. एप्रिल १८६१ मध्ये तोफा धडाडल्या आणि पुढची चार वर्षं देश आपापसात लढत राहिला.

या युद्धाची झळ आणि चंगळ मुंबईनेही अनुभवली आहे. दक्षिणेकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, तेव्हा तिथल्या गिरण्यांनी हिंदुस्थानातला कापूस वाट्टेल त्या भावाने उचलला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि शेअर बाजारही त्याच्यासोबत झोपला. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद हे याच तेजी-मंदीचे नायक.

कॅलिफोर्नियाला लढाईत का घेत नव्हते?

कॅलिफोर्निया १८५० मध्ये अमेरिकेचं राज्य झालं. १८४८ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली. १८६० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ३ लाख ८० हजार. यातले बरेच जण पूर्वेकडच्या राज्यांतून आले होते. त्यांचे आईवडील, भाऊबंद आणि शाळासोबती अजूनही तिकडेच होते. युद्ध पेटलं तेव्हा त्यांची गावं आणि घरं त्यात ओढली गेली होती. हे मात्र खाणीत किंवा दुकानात बसून वर्तमानपत्रं वाचत होते.

भरती व्हायला माणसं तयार होती. मग अडचण काय होती?

पहिली अडचण अंतराची. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे १८६९ मध्ये पूर्ण झाली. त्याआधी फौज पूर्वेला न्यायची म्हणजे आगबोटीने पनामामार्गे न्यायची, आणि तो खर्च प्रचंड होता.

दुसरी अडचण सोन्याची. कॅलिफोर्नियाचं सोनं युनियनच्या तिजोरीला आधार देत होतं. ते बंदर आणि तो मुलूख राखायला तिथेच सैन्य हवं होतं. त्यातून दक्षिण कॅलिफोर्नियात फुटीर राज्यांना सहानुभूती असणारेही बरेच होते. १८६० च्या निवडणुकीत लिंकन हे राज्य जेमतेम जिंकले होते.

त्यामुळे युद्धकाळात कॅलिफोर्नियातून सुमारे १६,००० स्वयंसेवक भरती झाले, पण जवळजवळ सगळे पश्चिमेतच राहिले. काही ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात गेले. काही टपालाच्या वाटा राखत बसले. काहींच्या हातून याच काळात मूळ रहिवाशांची कत्तलही झाली. जानेवारी १८६३ मध्ये आजच्या आयडाहो राज्यातल्या बेअर नदीकाठी कॅलिफोर्नियाच्या स्वयंसेवकांनी शेकडो शोशोनी माणसं मारली, त्यात बायका आणि मुलंही होती.

ज्यांना व्हर्जिनियाच्या आघाडीवरच जायचं होतं, त्यांना सरकारी वाट उपलब्ध नव्हती. म्हणून त्यांनी आडवाट काढली.

कोट्याचं गणित

१८६२ च्या उन्हाळ्यात लिंकन यांनी आधी ३ लाख आणि मग आणखी ३ लाख माणसं मागितली. प्रत्येक राज्याला कोटा ठरवून दिला. राज्याने तो शहरांवर आणि गावांवर वाटून टाकला. पहिल्या उत्साहात जे जायचे ते आधीच गेले होते आणि मरणाऱ्यांच्या याद्या रोज छापून येत होत्या. नवी माणसं मिळेनात. मग शहरांनी भरती होणाऱ्याला रोख बक्षीस द्यायला सुरुवात केली. याला 'बाउंटी' म्हणत.

सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स सेवॉल रीड नावाचा एक जण होता. तो मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, पण आता कॅलिफोर्नियात स्थिरावलेला. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला. आम्ही १०० जणांची घोडदळाची कंपनी उभी करतो. ती तुमच्या कोट्यात धरा. बाउंटीचे जे पैसे तुम्ही एरवी दिलेच असते, त्यातून आमचा प्रवास आणि खर्च भागवा.

दोघांचाही फायदा होता. मॅसॅच्युसेट्सला १०० माणसं मिळत होती आणि या तरुणांना आघाडीवर जायला मिळत होतं. अँड्र्यू यांनी होकार दिला.

१०० जागांसाठी सुमारे ५०० जण आले. त्यामुळे निवडून घेणं शक्य झालं. घोड्यावर पक्की मांड असलेले, अंगाने दणकट आणि बाहेरच्या आयुष्याला सरावलेले गडी घेतले गेले. रीड त्यांचा कॅप्टन झाला.

पैशासाठी कोणी निघालं असेल तर त्याचा हिशेब चुकलाच होता. युनियनच्या साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर होता आणि तो कागदी नोटांत मिळायचा. कॅलिफोर्नियात तेव्हा व्यवहार सोन्यात चालायचा. तिथे त्या नोटा कमी भावानेच घेत.

बोट, रेल्वे, पुन्हा बोट

'गोल्डन एज' पॅसिफिक महासागरातून पनामाला पोहोचली. तेव्हा पनामा कोलंबियाचा भाग होता आणि कालवा व्हायला अजून ५० वर्षं होती. १८५५ पासून तिथे सुमारे ७७ किलोमीटरची रेल्वे मात्र धावत होती. त्या रेल्वेने जंगल आणि दलदल ओलांडून तुकडी अटलांटिकच्या बाजूला आली आणि 'ओशन क्वीन' बोटीत चढली.

हा टप्पा धोक्याचा होता. कॉन्फेडरसीची 'अलाबामा' ही युद्धनौका याच पाण्यात शिकार शोधत फिरत होती. कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन जाणारी बोट तिला हवी होती. ७ डिसेंबर १८६२ ला, म्हणजे 'गोल्डन एज' सुटण्याच्या चारच दिवस आधी, तिने क्युबाजवळ 'एरियल' ही प्रवासी आगबोट पकडली होती. 'एरियल' पनामाकडे चालली होती, त्यामुळे तिच्यावर सोनं नव्हतं.

कॅलिफोर्निया हंड्रेड सुखरूप पोहोचली. ३ जानेवारी १८६३ ला न्यूयॉर्क आणि दुसऱ्या दिवशी बॉस्टनजवळची रीडव्हिलची छावणी. ती रेजिमेंटची 'ए' कंपनी झाली.

ही युक्ती यशस्वी झाल्यावर मॅसॅच्युसेट्सने आणखी चार कंपन्या मागवल्या. मेजर डीविट क्लिंटन थॉम्पसन यांच्या हाताखाली कॅलिफोर्निया बटालियन मार्चमध्ये निघाली आणि एप्रिलमध्ये रीडव्हिलला आली.

एका छावणीत दोन तऱ्हा

रेजिमेंटच्या १२ कंपन्यांपैकी ५ कॅलिफोर्नियाच्या होत्या, बाकी मॅसॅच्युसेट्समध्ये भरल्या जात होत्या. इथे पहिली कुरबुर सुरू झाली.

कॅलिफोर्नियाची माणसं पारखून घेतलेली होती. इकडे बॉस्टनमध्ये बाउंटीच्या लोभाने कोणीही येत होतं. पैसे घ्यायचे, पळून जायचं, दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने पुन्हा भरती व्हायचं, असा धंदाच काही जणांनी मांडला होता. बॉस्टनच्या भरती केंद्रावर नव्या रंगरुटांनी बंड केलं, तेव्हा कर्नल लोवेल यांनी त्यातल्या एकाला स्वतः गोळी घातली आणि मग जाऊन गव्हर्नरांना ते सांगितलं.

हे लोवेल तेव्हा २८ वर्षांचे होते. हार्वर्डमध्ये १८५४ च्या वर्गात पहिले आलेले, बॉस्टनच्या नामांकित घराण्यातले. त्यांच्या हाताखाली खाणींत आणि कुरणांत राबलेली पश्चिमेची माणसं. दोघांची दुनिया वेगळी होती. शिस्तीवरून खटके उडाले, पण लढाईत लोवेल सगळ्यांच्या पुढे असतात हे माणसांनी पाहिलं आणि पुढे त्यांच्याबद्दलचा आदर वाढत गेला.

रीडव्हिलमध्येच त्या वसंतात ५४ वी मॅसॅच्युसेट्स रेजिमेंट तयार होत होती. 'ग्लोरी' या १९८९ च्या सिनेमामुळे ती अनेकांना माहीत आहे. त्या कृष्णवर्णीय रेजिमेंटचे कर्नल रॉबर्ट गुल्ड शॉ जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅग्नरवर मारले गेले. त्यांची बहीण जोसेफिन हिच्याशी लोवेल यांचं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लग्न झालं.

शिलेदार विरुद्ध बारगीर

या युद्धातलं घोडदळ समजून घ्यायला मराठेशाहीतले दोन शब्द उपयोगी पडतात. स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार. ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळतो तो बारगीर.

युनियनचा स्वार बारगीर होता. घोडा, खोगीर, तलवार, रिव्हॉल्व्हर, कार्बाइन बंदूक, सगळं सरकारचं. घोडे मरायचे किंवा थकून निकामी व्हायचे, तेव्हा बदली घोडे मिळायचे. त्यासाठी वॉशिंग्टनजवळ गीसबरो इथे हजारो घोडे मावतील अशी प्रचंड पागा १८६३ मध्ये उभारली गेली.

कॉन्फेडरसीचा स्वार शिलेदार होता. घोडा त्याचा स्वतःचा, सरकार वापराचे दिवसाला ४० सेंट द्यायचं. घोडा लढाईत मेला तर भरपाई मिळायची, पण थकून किंवा आजारी पडून गेला तर तोटा त्याचाच. सुरुवातीला ही माणसं युनियनच्या स्वारांपेक्षा सरस होती, कारण लहानपणापासूनच्या सवयीच्या घोड्यावर ती लढत होती. युद्ध लांबलं तसे घोडे संपत गेले आणि पारडं फिरलं.

पहिली मोठी मोहीम

फेब्रुवारी १८६३ मध्ये 'ए' कंपनी व्हर्जिनियात ग्लॉस्टर पॉइंटला गेली. २६ जून १८६३ ला कर्नल स्पिअर यांच्या मोहिमेत तिने साउथ ॲना नदीवरच्या रेल्वे पुलाच्या लढाईत भाग घेतला. शत्रूची रसद ज्या मार्गाने यायची तो पूल जाळला गेला.

त्याच मोहिमेत हिकरी हिल नावाच्या मळ्यावर जखमी अवस्थेत विश्रांती घेणारा एक सेनापती पकडला गेला. तो होता डब्ल्यू. एच. एफ. ली, कॉन्फेडरसीचे सरसेनापती रॉबर्ट ई. ली यांचा मुलगा. वडील त्या वेळी फौज घेऊन पेनसिल्व्हेनियात शिरले होते. पाचच दिवसांनी गेटिसबर्गची लढाई सुरू झाली.

मोस्बीच्या मुलखात

यानंतर पुढचं वर्षभर रेजिमेंटला जे काम मिळालं, त्याची कल्पना सॅन फ्रान्सिस्कोतून निघताना कोणी केली नसावी. झेंडे फडकवत समोरासमोर हल्ला करण्याचे प्रसंग फार थोडे आले. वॉशिंग्टनच्या पश्चिमेला व्हिएन्ना इथे छावणी टाकून गस्त घालायची, वाटा राखायच्या आणि एका माणसाचा माग काढायचा, असं ते काम होतं.

तो माणूस म्हणजे जॉन सिंगलटन मोस्बी. मूळचा वकील. त्याची ४३ वी व्हर्जिनिया कॅव्हलरी बटालियन गनिमी काव्याने लढायची. तिची छावणीच नव्हती. माणसं शेतकऱ्यांच्या घरी राहायची, निरोप आला की ठरलेल्या जागी जमायची, घाला घालायची आणि पांगायची. तलवारीवर त्यांचा विश्वास नव्हता, प्रत्येकाकडे सहसा दोन रिव्हॉल्व्हर असत. पकडलेले घोडे आणि लूट ते वाटून घेत. मार्च १८६३ मध्ये मोस्बीने फेअरफॅक्समध्ये घुसून युनियनच्या एका जनरलला झोपेतून उठवून पळवून नेलं होतं.

लाउडन आणि फॉकियर या परगण्यांत मोस्बीला प्रत्येक ओढा आणि पायवाट माहीत होती. घराघरात त्याची माणसं होती. कॅलिफोर्नियाच्या स्वारांना तिथलं कोणी ओळखत नव्हतं आणि वाट विचारली तर उत्तर खरं मिळेल याचा भरवसा नव्हता.

त्यातच घरातला माणूस फुटला. 'ई' कंपनीचा शिपाई विल्यम ऑर्म्सबी जानेवारी १८६४ मध्ये छावणीतून पळाला आणि मोस्बीच्या लोकांना मिळाला. थोड्याच दिवसांत तो आपल्याच रेजिमेंटविरुद्ध लढताना पकडला गेला. लगोलग लष्करी खटला चालला आणि ७ फेब्रुवारीला व्हिएन्नाच्या छावणीत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. दोन किनाऱ्यांमधला प्रवास ज्यांच्यासोबत केला, त्यांच्याच छावणीत त्याचा शेवट झाला.

ड्रेन्सव्हिल: २२ फेब्रुवारी १८६४

पंधरा दिवसांनी कॅप्टन रीड सुमारे सव्वाशे ते दीडशे स्वारांसह मोस्बीच्या शोधात गेले होते. मोस्बी सापडला नाही. तुकडी व्हिएन्नाकडे परतत होती आणि मोस्बी रस्त्यालगतच्या झाडीत वाट बघत होता.

ड्रेन्सव्हिलजवळ त्याने पुढून आणि बाजूने एकाच वेळी हल्ला केला. काही मिनिटांत तुकडीची फळी मोडली. किमान १० जण ठार झाले आणि ५० हून अधिक पकडले गेले. मेलेल्यांमध्ये कॅप्टन रीड होते. ज्या माणसाच्या डोक्यातून ही सगळी कल्पना निघाली, तो कल्पना सुचल्यापासून दीड वर्षाच्या आत गेला.

रीड यांच्या मृत्यूबद्दल मोस्बीच्या माणसांनी नंतर लिहिलेल्या आठवणींत एक हकीकत येते. मोस्बीकडे बॅरन रॉबर्ट फॉन मासो नावाचा प्रशियन अधिकारी होता, तोही हौसेने लढायला आलेला. तो रीड यांच्यावर चालून गेला. रीड शरण येत आहेत असं समजून तो पुढे वळला, तेव्हा रीड यांनी त्याला गोळी घातली. पुढच्या क्षणी मोस्बीच्या एका अधिकाऱ्याने रीड यांना मारलं. ही एकाच बाजूने सांगितलेली गोष्ट आहे हे लक्षात ठेवायला हवं. मासो जगला आणि पुढे जर्मन सैन्यात जनरल झाला.

एप्रिल १८६४ मध्ये 'मोबी डिक'चे लेखक हर्मन मेलव्हिल व्हिएन्नाच्या छावणीला भेट देऊन गेले. मोस्बीच्या मागावर निघालेल्या एका गस्तीसोबत तेही होते. त्या अनुभवावरची त्यांची दीर्घ कविता १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्या उन्हाळ्यात आणखी एक फटका बसला. ६ जुलै १८६४ ला माउंट झायन चर्चजवळ मेजर विल्यम फोर्ब्स यांच्या सुमारे १५० स्वारांवर मोस्बीने तोफ घेऊन हल्ला केला. १०० पेक्षा जास्त जण ठार, जखमी किंवा कैद झाले. मेलेल्या घोड्याखाली अडकलेले फोर्ब्स पकडले गेले. सुटकेनंतर त्यांनी विचारवंत इमर्सन यांच्या मुलीशी लग्न केलं आणि पुढे ते अमेरिकन बेल टेलिफोन कंपनीचे पहिले अध्यक्ष झाले.

साध्या शिपायांचं नशीब इतकं बरं नव्हतं. पकडलेल्यांपैकी अनेकांना जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या तळावर नेलं गेलं. उघड्या मैदानाभोवती लाकडी कुंपण, आत ना छप्पर ना पुरेसं अन्न, आणि प्यायला घाण पाण्याचा ओढा. १४ महिन्यांत तिथे सुमारे ४५,००० कैदी आले आणि जवळपास १३,००० मेले. कॅलिफोर्नियातून निघालेल्या काही जणांचा प्रवास तिथेच संपला.

शेनान्डोआ: शेवटचं आणि मोठं युद्ध

जुलै १८६४ मध्ये कॉन्फेडरसीचे जनरल जुबल अर्ली थेट वॉशिंग्टनच्या वेशीपर्यंत आले. त्यांना मागे रेटण्याच्या धावपळीत ही रेजिमेंट होती. त्यानंतर ती जनरल फिलिप शेरिडन यांच्या फौजेत शेनान्डोआच्या खोऱ्यात गेली. वॉशिंग्टनची राखण संपली आणि खऱ्या अर्थाने आघाडीचं युद्ध सुरू झालं.

ऑगस्टमध्ये हॉलटाउनजवळ 'ई' कंपनीचे कॅप्टन चार्ल्स आयगनब्रॉट मारले गेले. ते कॅलिफोर्नियातल्या अलामीडा परगण्यातले. १९ सप्टेंबरला विंचेस्टरची लढाई झाली.

शेरिडन यांना अर्लीला हरवण्यासोबत आणखी एक काम दिलं होतं. शेनान्डोआ हे कॉन्फेडरसीचं धान्याचं कोठार होतं, ते रिकामं करायचं. शरदात घोडदळाने खोऱ्यातली धान्याची कोठारं, गिरण्या आणि गवताच्या गंजी जाळल्या, जनावरं हाकून नेली. ही रेजिमेंट ज्या डिव्हिजनमध्ये होती, तीही या कामात होती. नोव्हेंबरअखेर तीच डिव्हिजन मोस्बीच्या लाउडन परगण्यात उतरली आणि तिथेही जाळपोळ झाली. मोस्बी सापडत नसेल तर त्याला आसरा देणारी शेतं संपवायची, हा त्यामागचा विचार होता. त्यात युनियनशी निष्ठावान राहिलेल्या क्वेकर शेतकऱ्यांचंही नुकसान झालं.

त्याआधी, १९ ऑक्टोबर १८६४ ला सीडर क्रीकची लढाई झाली. पहाटेच्या धुक्यात अर्लीने अचानक हल्ला केला आणि युनियनची फौज मागे हटली. लोवेल यांची ब्रिगेड मिडलटाउनजवळ दिवसभर टिकून राहिली. दुपारी एक गोळी लोवेल यांच्या छातीला लागली. तिचा जोर कमी होता, पण त्यांचा आवाज गेला. संध्याकाळच्या शेवटच्या हल्ल्याच्या वेळी त्यांनी आपल्याला घोड्यावर चढवायला लावलं, आज्ञा कुजबुजत दिल्या आणि त्या हल्ल्यात दुसरी गोळी लागली. २० ऑक्टोबरला ते वारले. वय २९. ब्रिगेडियर जनरलपदाची त्यांची बढती मंजूर झाली होती, ती बघायला ते उरले नाहीत.

पत्नी जोसेफिन तेव्हा गरोदर होती. सव्वा वर्षात तिने भाऊ आणि नवरा दोघेही गमावले. पुढे तिने उरलेलं आयुष्य गरिबांच्या आणि कामगार स्त्रियांच्या प्रश्नांसाठी घालवलं.

१८६५ च्या वसंतात रेजिमेंट फाइव्ह फोर्क्सच्या लढाईत होती आणि ९ एप्रिलला ली यांनी ॲपोमॅटॉक्सला शरणागती पत्करली तेव्हाही तिथेच होती.

हिशेब

२० जुलै १८६५ ला रेजिमेंट विसर्जित झाली. संपूर्ण रेजिमेंटचे, म्हणजे दोन्ही राज्यांतल्या माणसांचे मिळून, ९० जण लढाईत किंवा जखमांनी मेले. रोगराईने मेले १४१. एकूण २३१. तोफा-बंदुकांपेक्षा हगवण आणि तापाने जास्त माणसं नेली, हे त्या युद्धातलं सगळीकडचं चित्र इथेही दिसतं.

त्यातले कॅलिफोर्नियातून आलेले मृतही मॅसॅच्युसेट्सच्या यादीत लागले. कोट्यासाठी जी नोंद सोयीची होती, तीच मरणोत्तर ओळख बनली. उरलेल्यांच्या हातात निरोपाचा कागद पडला तो मॅसॅच्युसेट्समध्ये, घरापासून साडेचार हजार किलोमीटरवर. पण सैन्यात आणि वर्तमानपत्रांत लोक त्यांना 'कॅलिफोर्नियाचे' म्हणूनच ओळखत राहिले. पूर्वेच्या आघाडीवर त्या राज्यातून संघटितपणे आलेले हे जवळजवळ एकमेव सैनिक होते.

कॅलिफोर्नियाचा युद्धातला दुसरा मोठा वाटा पैशाचा होता. जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या सॅनिटरी कमिशनला तिथून १२ लाख डॉलरच्या आसपास मदत गेली, आणि कमिशनला मिळालेल्या एकूण देणग्यांचा तो जवळपास पाव हिस्सा होता. इतिहासाच्या पुस्तकांत राज्याच्या नावावर ही रक्कम आणि सोनं सहज सापडतं, ५०० स्वार मात्र दुसऱ्या राज्याच्या प्रकरणात शोधावे लागतात.

आणि मोस्बी?

मोस्बीने औपचारिक शरणागती न पत्करता आपली बटालियन बरखास्त केली. नंतर तो युद्धातल्या विरुद्ध बाजूचे सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रँट यांचा समर्थक बनला. त्यामुळे व्हर्जिनियातल्या आपल्याच माणसांच्या रोषाला तो पात्र ठरला. काही वर्षं तो हाँगकाँगमध्ये अमेरिकेचा वाणिज्यदूत होता.

१८८५ मध्ये ते पद गेल्यावर त्याला सदर्न पॅसिफिक रेल्वेत वकिलाची नोकरी मिळाली. नोकरीचं ठिकाण होतं सॅन फ्रान्सिस्को. ज्या शहरातून निघालेल्या तरुणांना त्याने ड्रेन्सव्हिलच्या रस्त्यावर गाठलं होतं, त्याच शहरात तो पुढची सुमारे १६ वर्षं राहिला.